चिनीमातीची बरणी, लोणचे वगळून

मी, निनाद चारुदत्त वाळिंबे, वय वर्षे तेवीस, धंदा जुन्या चिनी पद्धतीची झिलईची भांडी करणे, राहणार अल मजाज, शारजा, पूर्ण शुद्धीत, कोणाचाही दबाव नसताना आणि कोणतेही औषध, पेय किंवा उपदेश न घेता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. अशा कागदात 'राजीखुशीने' हा शब्द घालतात. तो मी गाळला आहे. मी राजी नाही आणि खुशीतही नाही, मी चिडलेलो आहे. चिडलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं असं कोणताही कायदा म्हणत नाही. असं फक्त आमचे बाबा म्हणतात.

मला आजार काही नाही. जीव द्यायचाही विचार नाही, त्यामुळे आईने इथपर्यंत वाचून रडायला लागू नये. कागद मराठीत आहे, कारण बाबांचा इंग्रजीत होता. कोर्टात नेताना त्याचं अरबी भाषांतर करावं लागेल. भाषांतर करणाऱ्याला विनंती, की जिथे जिथे मी ओरडलो आहे तिथे त्यानेही आवाज चढवावा.

कलम १. हे लिहिण्याचे कारण.

गेल्या शुक्रवारी जेवताना बाबांनी टेबलावर दोन फायली ठेवल्या. बाबा इन्शुरन्स कंपनीत आहेत, त्यामुळे आमच्याकडे मरणाचा विषय आमटीभाताबरोबर निघतो. इथे माणूस गेला की बँक खातं गोठवते, तेव्हा प्रत्येकाने विल करून ठेवावं, हे ते ऑफिसात लोकांना सांगतात आणि घरी येऊन आम्हाला. त्यांनी स्वतःचं केलं. आईचं केलं.

मी म्हणालो, "आणि माझं?"

"तुझं कशाला?"

"एकवीसच्या पुढे कुणालाही करता येतं. तुमचंच वाक्य आहे."

बाबांनी ताकाचा घोट घेतला. "अरे, पण तुझ्याकडे आहे काय? माती."

आई म्हणाली, "अहो."

"खोटं बोलतोय का मी? थर्ड इयरला कॉलेज सोडलं, आता चायना माल बनवतो. डोकं ठिकाणावर आहे का विचारलं की भट्टीकडे पळतो."

आईने माझ्या ताटात भात वाढला. आमच्या घरी भांडण मिटवायचं असलं की भात वाढतात. मी तो खाल्ला नाही.

तर माझ्याकडे जी माती आहे, तिची व्यवस्था पुढीलप्रमाणे.

कलम २. व्यवस्थापक आणि आईचा वाटा.

या कागदाची अंमलबजावणी माझी आई, सौ. छाया वाळिंबे, हिने करावी. घरात दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही.

झिलईची माझी सगळी कृती मी आईला देतो. तिच्यात खजुराच्या झावळ्यांची राख आहे. खालिद सरोवराच्या कडेची झाडं छाटली की माळी झावळ्या बाजूला टाकतात, त्या मी उचलून आणतो, जाळतो, राख धुतो आणि चाळतो. पहिल्या वर्षी मी ती आईच्या पुरणाच्या चाळणीतून चाळली होती आणि होळीला पुरणपोळी दाताखाली कचकचली. बाबा बोलले, पाहुणे बोलले. आई एवढंच म्हणाली, "राख पोटाला चांगली असते म्हणतात." म्हणून कृती तिची. सोबत नवी चाळणी घेतलेली आहे, ती माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. जुनी चाळणी तिने परत मागू नये.

बँकेतली शिल्लक, फोन आणि लॅपटॉप हेही आईलाच. फोनचा पासवर्ड तिला सांगणार नाही.

कलम ३. भट्टी.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जहूर अहमद यांची वेल्डिंगची शेड आहे. तिच्या मागच्या कोपऱ्यात मी स्वतः रचलेली गॅसची भट्टी उभी आहे. ही भट्टी, विटा, बर्नर आणि चिमणीसह, मी माझ्या जुन्या कॉलेजच्या मेकॅनिकल विभागाला देतो. हे बक्षीस नव्हे. या विभागाच्या सरांनी मला हीट ट्रान्सफरमध्ये नापास केलं आणि वर म्हणाले, "मिस्टर वाळिंबे, पॉटरी इज अ हॉबी." सरांनी काळा चष्मा लावून, आच पूर्ण चढलेली असताना, भट्टीच्या भोकातून एकदा आत बघावं. आत भांडी वेगळी दिसत नाहीत, विटाही दिसत नाहीत, नुसता पिवळा उजेड असतो. अशा वेळी हवा बंद करून ज्वाळेला उपाशी ठेवायचं असतं, म्हणजे ती झिलईतला प्राणवायू ओढून घेते आणि राखेतलं लोखंड हिरवट होतं. हवा किती बंद करायची हे ज्वाळेच्या रंगावरून ठरतं. सरांनी ते समीकरणाने काढून दाखवावं. जमलं नाही तर मला मार्क द्यावेत. मेल्यावर दिले तरी चालतील.

कलम ४. साक्षीदार.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, हा नियम मला बाबांनीच शिकवला. म्हणून साक्षीदार दोन, आणि दोन्ही मुद्दाम निवडलेले.

पहिले जहूर अहमद. हे मला 'चीनी भाई' म्हणतात. भट्टी कॉलेजला चालली आहे कळल्यावर म्हणाले, "और मेरे को क्या मिला?"

मी सांगितलं, "तुम गवाह हो. गवाह को कुछ नहीं मिलता."

"मतलब खलास. भाड़ा भी नहीं, भट्टी भी नहीं, साइन भी मेरा." मग म्हणाले, "उसमें मटन अच्छा बनता, हबीबी. सोच लो."

मी विचार केला आहे. भट्टी कॉलेजलाच जाईल.

दुसरी साक्षीदार आभा संजय सोहोनी, राहणार अल मनखूल, दुबई. तिला साक्षीदार नेमलं, कारण तिला माझ्याकडून काहीही मिळू नये आणि ते तिने स्वतःच्या सहीने मान्य करावं, अशी माझी इच्छा आहे. सही करायला शनिवारी दुपारी जहूरभाईंच्या शेडवर ये, असा मेसेज मी केला. तिचं उत्तर आलं, "ओके. पार्किंग आहे का?" तीन वर्षं मी या मुलीसाठी झुरतो आहे आणि तिला पार्किंग हवं आहे.

कलम ५. वडिलांचा वाटा.

शेडमध्ये उरलेली सगळी माती, कोरडी आणि भिजवलेली, पोत्यांसह, मी माझे वडील श्री. चारुदत्त वाळिंबे यांना देतो. माझ्याकडे काय आहे ते त्यांनी ओळखलंच होतं. पोती जड आहेत. त्यांनी ती स्वतः उचलून अल मजाजला आणावीत आणि हॉलमध्ये, टीव्हीखाली ठेवावीत.

आणि 'चायना माल' या शब्दाबद्दल. मराठी माणसाच्या स्वयंपाकघरात जे सगळ्यात टिकतं, त्याला आपण चिनीमातीचं म्हणतो. लोणचं दुसऱ्या कशात घालत नाही. आणि त्याच तोंडाने टुकार वस्तूला चायना माल म्हणतो. बाबांनी दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवावं.

कलम ६. बरणी.

माझ्या मालमत्तेत खरी किंमत असलेली वस्तू एकच आहे. ती माझ्याकडे नाही.

सेकंड इयरला असताना आमची सहल रास अल खैमाला गेली होती. तिथल्या संग्रहालयात, वाळूत सापडलेल्या चिनी भांड्यांच्या तुकड्यांपुढे सगळे कंटाळून पुढे निघून गेले. आभा थांबली. एका काचेआड राखाडी हिरवट झिलईचा तुकडा होता, तिच्यावर बारीक भेगांचं जाळं. आभाने काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "निनाद, हे अजून ओलं आहे. लुक." इतकी शतकं वाळूत पडलेली वस्तू तिला ओली दिसली. मी तुकड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि माझं इंजिनिअरिंग तिथेच संपलं. त्यानंतर मी जे केलं ते सगळं त्या एका वाक्यामुळे केलं. ती मात्र डिग्री घेऊन नोकरीला लागली.

त्या जातीच्या भांड्यात झिलई मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून तिला भेगा पडतात. मोठ्या भेगा शाई भरून काळ्या करतात, बारीक भेगा नंतर सोनेरी होतात. चिनी कारागीर त्यांना लोखंडाची तार आणि सोन्याचा धागा म्हणतात. तार मला जमली. धागा जमेना. बिनदुधाचा सुलेमानी चहा घातला, चिखल झाला. केशर धुऊन गेलं. गंजाचं पाणी घातलं तर भांडं मोरीतल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी आभाच्या वाढदिवसाला, एप्रिलमध्ये, धाग्याशिवायच एक झाकणाची बरणी नेऊन दिली. माझ्या हातून निघालेली ती सगळ्यात चांगली वस्तू. भट्टीतून काढल्यावर ती कितीतरी दिवस टिण टिण वाजत होती. आत भेगा पडत असल्या की तसा आवाज येतो.

चिनी बादशाही भांड्यांच्या बुडाला सहा अक्षरं असतात, कुणाच्या कारकिर्दीत घडलं ते सांगणारी. मीही बरणीच्या बुडाला सहा अक्षरं कोरली. जशी तिकडे कोरतात तशीच, दोन उभ्या ओळींत, उजवीकडून सुरुवात करून, वरून खाली. उजवीकडे आ, भा, सा. डावीकडे ठी, फ, क्त. आभासाठी फक्त. मला तोंडाने बोलता येत नव्हतं ते मी तिथे लिहिलं. भांडी करणारा माणूस कुठलंही भांडं हातात घेतलं की आधी उलटं करून बूड बघतो. तिला हे माहीत आहे. मी हॉटेलात कपसुद्धा उलटे करतो म्हणून ती मला हसायची.

मी उत्तराची वाट बघत राहिलो. मे महिन्यात व्हॉइस मेसेज आला. आभाचा नव्हे, तिच्या आईचा, स्मिताकाकूंचा:

"निनाद, अरे तुझ्या बरणीत यंदाचं कैरीचं लोणचं घातलंय बरं का. चिनीमातीत कसं, बिघडत नाही."

जुलैत दुसरा:

"राग मानू नको, पण तुझी बरणी पाझरते रे. ओट्यावर तेलाचं कडं उमटतं. खाली बशी ठेवलीय मी. पुढच्या वेळी जरा घट्ट कर."

माझ्या आयुष्यातलं एकमेव प्रेमपत्र लोणच्याखाली, बशीत बसलेलं आहे. भरलेली बरणी कोण उलटी करतं? आणि तिने ती आधी बघितली असेल, वाचूनही गप्प बसली असेल, तर ते त्याहून वाईट. दोन्हीपैकी काय झालं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून मी दोन्हींसाठी तिच्यावर चिडलेलो आहे.

मग ऑक्टोबरमध्ये मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला. सोहोनींच्या घरी सिद्धांत नावाचा मुलगा बघायला आलेला. फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर मोठ्या हुद्द्यावर आहे. समोर पोहे, शेजारी आभा, आणि टेबलाच्या मधोमध माझी बरणी, झाकण काढलेली, चमचा आत. खाली काकूंनी लिहिलं होतं, 'सिद्धांतला लोणचं फार आवडलं.' नंतर आईकडून कळलं, डिसेंबरात साखरपुडा करायचा असं बोलणं चाललंय.

माझी मलाच लाज वाटावी अशी गोष्ट, मी झूम केलं ते आभावर नाही. बरणीवर केलं. बारीक भेगा सोनेरी झाल्या होत्या. सगळ्या. तेल, हळद आणि तिखट आतून मातीत मुरत मुरत बाहेर झिलईच्या प्रत्येक भेगेत उतरलं होतं. जे मला चहाने जमलं नाही, केशराने जमलं नाही, ते स्मिताकाकूंनी अर्धा महिना उन्हात मुरवून केलं होतं, आणि वर ती पाझरते अशी तक्रार केली होती. एकाच फोटोत मला सोन्याचा धागा मिळाला आणि आभा गेली. मी फोन भिंतीवर फेकला. कलम २ मधला फोन तोच, काच तडकलेली आहे.

बाबांचा आक्षेप इथेच नोंदवतो. ते म्हणाले, "दिलेली वस्तू विलमध्ये लिहिता येत नाही. बरणी त्यांची झाली." माझं म्हणणं, घेणाऱ्याने काय घेतलं हे त्याला कळलं नाही, तर त्याने ते स्वीकारलं असं होत नाही, आणि स्वीकारल्याशिवाय दान पुरं होत नाही. सोहोनींनी लोणच्याचं भांडं स्वीकारलं. मी लोणच्याचं भांडं दिलंच नव्हतं. म्हणून बरणी अजून माझी आहे.

तिची व्यवस्था अशी: माझ्या पश्चात बरणी रिकामी करून, कोमट पाण्याने धुऊन, सगळ्यांसमोर उलटी करावी. बुडाची अक्षरं आईने मोठ्याने वाचावीत. त्यानंतर बरणी फोडावी आणि तुकडे रास अल खैमाच्या किनाऱ्यावर वाळूत पुरावेत. बादशाही भट्ट्यांतही नापसंत भांडी फोडून पुरत असत. पुढे कधीतरी कुणी मुलगी काचेला नाक लावून म्हणेल, हे अजून ओलं आहे. तिला तरी बुडावरचं वाचता येवो.

कलम ७. सिद्धांत यांचा वाटा.

बरणीतले लोणचे, बरणी वगळून, फुजैराचे श्री. सिद्धांत यांना द्यावे. त्यांना ते फार आवडलेले आहे. प्लास्टिकच्या डब्यात द्यावे.

कलम ८. सही करतेवेळी घडलेला प्रकार आणि त्यामुळे झालेले बदल.

आज दुपारी जहूरभाईंच्या शेडवर वेल्डिंगचं टेबल पुसून सगळे जमलो. बाबा बोलावलेले नव्हते. आईने पाठवलं, कागद कायद्यात बसतो का बघायला. ते एका पोत्यावर रुमाल अंथरून बसले, म्हणजे कलम ५ प्रमाणे स्वतःच्याच मालमत्तेवर. जहूरभाईंनी सही केली. आभा आली. पार्किंग मिळालं होतं. साक्षीदाराला वाचायची गरज नसते, असं बाबा म्हणाले. तिने उभ्याउभ्या सगळं वाचलं. कलम ६ वर बराच वेळ थांबली.

मग म्हणाली, "मी बघितलं होतं, निनाद. पहिल्याच दिवशी. तू सगळ्यांचे कप उलटे करतोस ना, सो आय चेक्ड."

मी विचारलं, "वाचलंस?"

"वाचलं ना. ठीआ फभा क्तसा."

जहूरभाई म्हणाले, "ये चाइनीज है?"

"मलाही तेच वाटलं, अंकल. काहीतरी चायनीज मंत्र, देवनागरीत. मी गूगलपण केलं. काही नाही सापडलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मराठी कोण उजवीकडून वाचतं?"

"पद्धत तशी आहे," मी म्हणालो.

"त्यांची. आपली नाही. मला वाटलं, हा मला काहीतरी सांगेल. तू नुसता चिडत होतास. प्रत्येक मेसेजला एक शब्द. मला वाटलं, ही इज डन विथ मी."

पोत्यावरून बाबा म्हणाले, "इंजिनिअरिंगबरोबर डावं-उजवंही सोडलं होय रे?"



आभाने पेन उचललं, माझ्या नावाकडे बघितलं आणि टोपण परत लावून टाकलं. "साक्षीदाराला काही मिळत नाही, करेक्ट?"

"नाही मिळत."

"मग मी साइन नाही करणार. मला बरणी हवीय."

मी विचारलं, "आणि साखरपुडा?"

"ते मी आज घरी बोलणार आहे. त्यात तू कलम घालू नकोस." जाता जाता दारातून म्हणाली, "आणि बरणी धुवायला नको सांगू. ते गोल्ड जाईल ना?"

जाणार नाही. भेगेतलं तेल मुरलेलं आहे. पण मी ते तिला सांगितलं नाही, सांगेन.

सबब, कलम ६ मधलं बरणी फोडून पुरण्याचं वाक्य मी माझ्या हाताने खोडत आहे. बरणी आभा संजय सोहोनी हिला द्यावी. कलम ७ तूर्त कायम. माझा राग कमी झालेला नाही. फक्त तो कुणावर करायचा हे नव्याने ठरवावं लागणार आहे, आणि त्या यादीत आता माझंही नाव आहे.

दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी राहिली. बाबा पोत्यावरून उठले, विजार झटकली आणि खिशातून स्वतःचं पेन काढलं.

"काय लिहायचं असतं माहीत आहे मला," ते म्हणाले. "रोज लोकांकडून लिहून घेतो."

"तेच लिहावं लागेल, बाबा. शब्द बदलता येणार नाही."

"गप बस. लिहू दे."

ठिकाण: शारजा, इंडस्ट्रियल एरिया.
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५, शनिवार.

लिहून ठेवणार: निनाद चारुदत्त वाळिंबे (सही)

साक्षीदार १: जहूर अहमद (सही, उर्दूत. खाली त्यांनी 'भाड़ा बाक़ी' असे लिहिले आहे.)

साक्षीदार २: आभा संजय सोहोनी (सही केली नाही.)

साक्षीदार २ च्या जागी: चारुदत्त वाळिंबे (सही). त्यांच्या हस्ताक्षरात: "लिहून ठेवणाऱ्याचे डोके ठिकाणावर असल्याचे मी समक्ष पाहिले. या सहीमुळे कलम ५ मधील माती मला मिळणार नाही, हे मला समजते. एक पोते तरी ठेवता आले तर बघावे."